कट-ऑफला काहीच कट होत नाही!

मित्रहो, सबमिशनच्या आदल्या रात्रीचं हॉस्टेल डोळ्यासमोर आणा. रात्रीचे दोन वाजलेत. तुम्ही फाईल पूर्ण करत बसलाय. पलीकडच्या रूममध्ये कुणाचा तरी वाढदिवस आहे आणि स्पीकर फुल्ल चालू आहे. तुमच्या रूममध्ये काय ऐकू येतं? गाणं कुठलं, गातंय कोण, शब्द काय, काही कळत नाही. नुसतं ‘धप... धप... धप...’. शेवटी वैतागून तुम्ही उठता, त्यांचं दार वाजवता. दार उघडतं आणि अख्खं गाणं एकदम अंगावर येतं, शब्द, झांज, बासरी सगळ्यासकट. तुम्ही चार शिव्या घालून (किंवा केक खाऊन) परत येता, त्यांचं दार बंद होतं आणि पुन्हा आपलं ‘धप... धप...’.

आता गंमत बघा. ती मधली भिंत म्हणजे चक्क एक लो-पास फिल्टर आहे. भिंतीतून आवाज जाताना फ्रीक्वेन्सी दुप्पट झाली की साधारण ६ डेसिबलने जास्त घट होते, असा ध्वनिशास्त्रात एक ढोबळ नियम आहे. त्याला मास लॉ म्हणतात. आणि आपण एस.ई.ला ब्रेडबोर्डवर एक रेझिस्टर आणि एक कपॅसिटर लावून जो फिल्टर करतो, त्याचा उतार किती? ६ डेसिबल पर ऑक्टेव्ह. हुबेहूब तोच! ढोलाचा ठोका ६० हर्ट्झच्या आसपास धरा. तिथून १९२० हर्ट्झ म्हणजे बरोबर पाच ऑक्टेव्ह वर. म्हणजे गायकाच्या आवाजातला त्या पट्टीतला भाग ढोलापेक्षा ३० डेसिबलने जास्त दबतो, साधारण बत्तीसपट. म्हणून ढोल पोचतो आणि शब्द पोचत नाहीत.

पण थांबा. शब्द खरंच पोचत नाहीत का? एकदा भिंतीला कान लावून बघा. पोचतात. बारीक, दबके, पण पोचतात. भिंतीने त्यांना मारलेलं नाही, फक्त क्षीण केलंय. माझा आजचा सगळा लेख एवढ्याच गोष्टीवर आहे. आणि ही साधी गोष्ट चार वर्षांत आपल्याला का कळत नाही, याबद्दल थोडी तक्रारही आहे. तक्रार पहिल्यांदा माझ्या स्वतःबद्दल, मग तुमच्याबद्दल आणि शेवटी (भीत भीत) सर-मॅडमबद्दल.

घोळ मला वाटतं शब्दापासूनच सुरू होतो. फिल्टर म्हटलं की आपल्या डोक्यात येते गाळणी. टपरीवरची चहाची गाळणी. पत्ती वर, चहा खाली. पत्तीचा मोठा कण खाली येणार नाही आणि चहाचा थेंब वर राहणार नाही. त्यात भर म्हणून दुसरा शब्द आला, कट-ऑफ. हा तर आपल्या सगळ्यांच्या जिव्हाळ्याचा! कॅप राउंडमध्ये कट-ऑफ काय असतो हे इथे कुणाला सांगायला नको. पॉइंट शून्य एक पर्सेंटाईलने मागे राहिलात की बाहेर. इकडे आत, तिकडे बाहेर, मध्ये काही नाही. मग पुस्तकात लो-पास फिल्टरची ती आदर्श आकृती येते, सरळ रेघ आणि मग उभा कडा, आणि आपण मान डोलावतो. बरोबर आहे, १.५९ किलोहर्ट्झपर्यंत सगळं जातं, पुढचं सगळं कापलं जातं. झालं!

खरं म्हणजे मराठीतला शब्द जास्त प्रामाणिक आहे. परिभाषा कोशवाले अटेन्युएशनला क्षीणन म्हणतात. आपण त्या शब्दाला हसतो, पण तो अचूक आहे. क्षीण होणं म्हणजे नाहीसं होणं नव्हे. आजारी माणूस क्षीण होतो म्हणजे तो गेला असा अर्थ नाही ना होत?

आपल्या सर्वांच्या आवडत्या प्रयोगाकडे येऊ. १० किलोओहम आणि ०.०१ मायक्रोफॅरड. एक भागिले दोन पाय आर सी (या ‘दोन पाय’वर हसून झालं असेल तर पुढे जाऊ) म्हणजे १५९२ हर्ट्झ, आपल्या भाषेत १.५९ किलोहर्ट्झ. कपॅसिटरचा विरोध फ्रीक्वेन्सीप्रमाणे बदलतो, एवढंच या सर्किटचं गुपित. १५९ हर्ट्झला तो १०० किलोओहम असतो, १.५९ किलोहर्ट्झला १० किलोओहम आणि १५.९ किलोहर्ट्झला फक्त १ किलोओहम. वरचा रेझिस्टर मात्र आपला १० किलोओहमवर ढिम्म. म्हणजे हा एक व्होल्टेज डिव्हायडर आहे, ज्याचा खालचा हिस्सा फ्रीक्वेन्सी वाढेल तसा आकसत जातो.

आता आकडे बघा. कट-ऑफच्या दशांश फ्रीक्वेन्सीला आउटपुट इनपुटच्या ९९.५ टक्के. निम्म्या फ्रीक्वेन्सीला ८९ टक्के, म्हणजे ‘पास बँड’मध्येच घट सुरू झालेली आहे! कट-ऑफला ७०.७ टक्के. दुप्पट फ्रीक्वेन्सीला ४४.७ टक्के. दहापटीला साधारण १० टक्के आणि शंभरपटीला १ टक्का. यात कडा कुठे आहे? कुठेच नाही. हा सिंहगडाचा कडा नव्हे, ही घाटातली वळणावळणाची उतरण आहे. कट-ऑफ म्हणजे त्या उतरणीवर कुणीतरी लावलेला मैलाचा दगड. तिथे काहीच कट होत नाही, उलट सत्तर टक्के सिग्नल सुखाने पलीकडे जातो!

जाता जाता व्हायवाचा एक प्रश्न. कट-ऑफला रेझिस्टर १० किलोओहम आणि कपॅसिटरचा विरोधही १० किलोओहम. दोन सारखे हिस्से. मग आउटपुट निम्मं का नाही, ७०.७ टक्के का? माझ्या बॅचमधल्या वीसपैकी किती जणांना हे सांगता आलं असतं, देव जाणे. मला नसतं आलं. उत्तर असं की दोघांवरची व्होल्टेजेस एकाच वेळी टोकाला जात नाहीत, त्यांच्यात ९० अंशांचा फरक असतो. ती सरळ बेरजेने जुळत नाहीत, काटकोन त्रिकोणाच्या दोन बाजूंसारखी जुळतात. म्हणून निम्मं न येता एक भागिले वर्गमूळ दोन. पॉवर मात्र निम्मी. आणि आउटपुट इनपुटच्या ४५ अंश मागे पडलेलं असतं. म्हणजे फिल्टर सिग्नलला नुसता लहान करत नाही, उशीरही करतो. हा उशीर लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

आता कबुलीजबाब.

एस.ई.ला हा प्रयोग आम्ही ‘केला’, तेव्हा लॅबमध्ये चालू सीआरओ चार आणि बॅचमध्ये आम्ही वीस. त्यातल्या एका सीआरओचं प्रोब दाबून धरल्याशिवाय ट्रेस दिसायचा नाही. दोन तासांत सर्किट जोडायचं, वीस रीडिंग्ज घ्यायची, सही घ्यायची. साहजिकच सीनियरच्या जर्नलचे फोटो व्हॉट्सॲपवर आधीच आलेले होते. आम्ही वायरी जोडल्या, सीआरओवर काहीतरी हलतंय हे पाहिलं आणि रीडिंग्ज उतरवून मोकळे झालो. सेमीलॉग पेपरवर काय सुरेख ग्राफ आला म्हणून सांगू! मायनस ३ डेसिबल बरोबर १.५९ किलोहर्ट्झला, उतार बरोबर २० डेसिबल पर डेकेड. ग्राफ इतका देखणा होता की त्याच वेळी शंका यायला हवी होती.

पुढच्या आठवड्यात तसेच दोन आरसी एकामागे एक जोडायचे होते. या वेळी नेमका फोटो आला नव्हता, म्हणून आम्ही खरीखुरी रीडिंग्ज घेतली. चार वर्षांतल्या मोजक्या खऱ्या रीडिंग्जपैकी ती एक! इनपुट २ व्होल्ट. आमचा हिशोब असा की एका फिल्टरने कट-ऑफला ३ डेसिबल जातात, म्हणजे दोघांनी ६ जाणार, म्हणजे आउटपुट १ व्होल्ट. सीआरओवर आले ०.६८. प्रोब हलवला, वायरी बदलल्या, कपॅसिटर बदलला. पुन्हा ०.६८. मग पार्टनरने शांतपणे खोडरबर काढलं आणि जर्नलमध्ये १ व्होल्ट लिहिलं. ग्राफ सुबक आला, दहापैकी नऊ मार्क पडले.

मंडळी, ते ०.६८ बरोबर होतं.

दुसरा आरसी पहिल्याला चिकटला की तो पहिल्याकडून करंट खेचतो. पहिला बिचारा स्वतःच्या हिशोबाने चालूच शकत नाही. गणित करून बघा, दोन सारखे आरसी मध्ये बफर न लावता जोडले तर त्या फ्रीक्वेन्सीला आउटपुट इनपुटच्या बरोबर एक तृतीयांश येतं, म्हणजे मायनस ९.५ डेसिबल. २ व्होल्टचे ०.६७. आणि मायनस ३ डेसिबलचा बिंदू १.५९ किलोहर्ट्झवरून घसरून ६०० हर्ट्झच्या जवळ येतो. लोडिंग इफेक्ट हा शब्द आम्ही थिअरीच्या पेपरात चार मार्कांसाठी लिहिला होता. तो प्रत्यक्ष सीआरओच्या पडद्यावर येऊन आम्हाला भेटला आणि आम्ही त्याला खोडरबराने पुसून टाकलं. निसर्गाने बरोबर उत्तर दिलं होतं. चुकीचं आम्ही लिहिलं आणि त्याला नऊ मार्क मिळाले. आजही हे आठवलं की मला कॉपीपेक्षा त्या खोडरबराची जास्त लाज वाटते.

पहिल्या प्रयोगाचा हिशोब चुकता झाला तो ओरलला. एक्स्टर्नल शांत गृहस्थ होते. जर्नल चाळता चाळता त्या देखण्या ग्राफवर थांबले. टेबलावरच्या ट्रेमधून मातकट रंगाचा एक चपटा कपॅसिटर उचलला.

“हाच वापरला होता ना तुम्ही?”

“हो सर.”

“काय लिहिलंय यावर?”

“१०३ झेड, सर. म्हणजे ०.०१ मायक्रोफॅरड.”

“१०३ कळलं. झेड म्हणजे?”

मी गप्प. पार्टनर छताकडे बघतोय.

“झेड म्हणजे अधिक ८० टक्के, उणे २० टक्के. आता तुमची कट-ऑफ कुठून कुठपर्यंत येऊ शकते, सांगा बघू.”

केला हिशोब कसाबसा. कपॅसिटर २० टक्के कमी निघाला तर १.९९ किलोहर्ट्झ, ८० टक्के जास्त निघाला तर ८८४ हर्ट्झ. सर हसले. “मग तुमची नेमकी १.५९ कशी आली? नशीब फार चांगलं दिसतंय.” त्यांनी तिथेच सर्किट जोडायला लावलं. २ व्होल्टचे १.४ व्होल्ट झाले तेव्हा फंक्शन जनरेटरवर आकडा होता १.२ किलोहर्ट्झ. म्हणजे आमचा ०.०१ चा कपॅसिटर प्रत्यक्षात ०.०१३ च्या वर होता. सरांनी नापास केलं नाही. फक्त म्हणाले, “हा १.२ किलोहर्ट्झ तुमचा आहे. जर्नलमधला तुमचा नाही.” बस्स.

तुम्ही म्हणाल, ठीक आहे, एका जर्नलचा प्रश्न आहे, त्यात एवढं काय? मीही तेच म्हणत होतो, फायनल इयरचा प्रोजेक्ट सुरू होईपर्यंत.

आम्ही चौघांनी ईसीजी ॲम्प्लिफायर घेतला होता. बॅटरीवर चालणारा (हे महत्त्वाचं आहे, माणसाला मेन्सच्या सप्लायला कधीही जोडू नका). दोन मनगटांना आणि उजव्या पायाला इलेक्ट्रोड लावून आमच्यातला एक टेबलावर आडवा झाला. पडद्यावर हृदय दिसेचना! दिसला तो ५० हर्ट्झचा जाडजूड पट्टा. भिंतीतल्या वायरिंगमधून, ट्यूबलाइटमधून जे येतं ते. मग ठरलं, ५० हर्ट्झचा नॉच लावू. पुस्तकातून ट्विन-टी उचलला. त्यात ०.१ मायक्रोफॅरडला ३१.८ किलोओहम पाहिजे, बाजारात मिळाले ३३ किलोओहम. म्हणजे नॉच बसला ४८.२ हर्ट्झला. पुढे-मागे बफर लावले आणि चालू केलं. पट्टा गायब! आम्ही लॅबमध्ये नाचलो, टपरीवर जाऊन चहा झाला.

आमच्या गाईड मॅडम नाचल्या नाहीत. म्हणाल्या, “पट्टा गेला हे दिसतंय मला. त्याच्याबरोबर आणखी काय गेलं?” आणि त्यांनी नॉच एकटा काढून त्याचा फ्रीक्वेन्सी रिस्पॉन्स घ्यायला लावला. खरा. एकेक रीडिंग.

५० हर्ट्झला पुस्तक म्हणतं घट अनंत. आमची आली ३० डेसिबलच्या आसपास. रेझिस्टर-कपॅसिटर एकमेकांशी तंतोतंत जुळत नाहीत आणि नॉचही ५० वर नेमका बसलेला नाही, त्यामुळे अनंत वगैरे पुस्तकातच राहतं. पण खरा धक्का पुढे होता. १० हर्ट्झला अडीच डेसिबल गेलेले. २० हर्ट्झला चक्क ७ डेसिबल, म्हणजे सिग्नल निम्म्याहून कमी! साध्या ट्विन-टीचा क्यू पाव असतो. म्हणजे मायनस ३ डेसिबलची रुंदी मधल्या फ्रीक्वेन्सीच्या चौपट. आमचा ‘५० हर्ट्झचा नॉच’ साधारण ११ हर्ट्झपासून २०० हर्ट्झपर्यंत सगळ्यालाच खात बसला होता. आणि हृदयाच्या ठोक्याचं जे उंच टोक असतं, क्यूआरएस, त्याची बरीचशी ताकद नेमकी १० ते २५ हर्ट्झच्या आसपास. आम्ही डास मारायला निघालो होतो आणि भिंत पाडून आलो होतो.

पुढे आम्ही नॉचला ऑप-अँपचा फीडबॅक देऊन तो अरुंद केला. त्याहून जास्त फायदा झाला तो इलेक्ट्रोडच्या वायरींना पीळ देऊन आणि उजव्या पायाला उलटा सिग्नल देणारं सर्किट लावून. म्हणजे घाण आत येऊच दिली नाही, मग गाळायलाही कमी लागलं. पण ते असो. मला सांगायचंय ते हे की, ‘आणखी काय गेलं?’ हा प्रश्न आमच्या चौघांपैकी एकालाही पडला नव्हता. कारण चार वर्षं आमच्या डोक्यात गाळणीच होती. नको ते अडवलं, हवं ते आलं, संपलं.

आणि हा प्रश्न किती मोलाचा आहे बघा. ईसीजीमध्ये बेसलाइन वरखाली हलते, ती स्थिर करायला हाय-पास फिल्टर लावतात. निदानासाठीच्या ईसीजीला त्याची खालची हद्द ०.०५ हर्ट्झ धरतात. नुसती देखरेख करायच्या मॉनिटरवर ती बऱ्याचदा ०.५ हर्ट्झ असते, म्हणजे रेघ छान स्थिर दिसते. आता मिनिटाला ७२ ठोके म्हणजे १.२ हर्ट्झ. ०.५ हर्ट्झच्या साध्या आरसी हाय-पासने १.२ हर्ट्झला किती जातं? जेमतेम ०.७ डेसिबल. आपण म्हणू, किरकोळ आहे. पण फेज? साधारण २२ अंशांनी सरकते. मघाशी म्हटलं होतं ना, उशीर लक्षात ठेवा! वेगवेगळ्या फ्रीक्वेन्सींचा वेळ वेगवेगळा बिघडला की तरंगाचा आकार बदलतो. ईसीजीत एसटी नावाचा जो भाग हार्ट ॲटॅक ओळखायला डॉक्टर बघतात, तो अशा फिल्टरने उगाच वर किंवा खाली सरकलेला दिसू शकतो. रेघ जितकी सुंदर, तितकीच ती खोटी असू शकते. आमच्या ग्राफसारखीच.

ज्यांनी फिल्टर बनवले त्यांना हे पहिल्यापासून माहीत होतं. १९१५ च्या सुमारास अमेरिकेत जॉर्ज कॅम्पबेल आणि जर्मनीत कार्ल वाग्नर यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे वेव्ह फिल्टर शोधून काढले. त्यामुळे एकाच तारेवरून अनेक टेलिफोन संभाषणं वेगवेगळ्या फ्रीक्वेन्सीवर पाठवणं जमू लागलं. पुढे जी पद्धत रुळली तीत बोलण्यासाठी ३०० ते ३४०० हर्ट्झ आणि दोन चॅनेलमधलं अंतर मात्र ४ किलोहर्ट्झ. मधली जागा रिकामी का? कारण फिल्टर कड्यासारखा तुटत नाही, उतरणीसारखा उतरतो, आणि उतरायला जागा लागते. १९८२ साली बाजारात आलेल्या ऑडिओ सीडीचं तेच. ऐकू येतं २० किलोहर्ट्झपर्यंत, पण सँपलिंग ४४.१ किलोहर्ट्झचं, म्हणजे निम्मे २२.०५. ते वरचे दोन किलोहर्ट्झ फिल्टरच्या उतरणीसाठी सोडलेले आहेत. १९३० साली इंग्लंडच्या स्टीफन बटरवर्थने आपला प्रसिद्ध पेपर लिहिला, त्यात पास बँड जास्तीत जास्त सपाट ठेवून उतार कसा वाढवत न्यायचा हे दाखवलं. ऑर्डर वाढवा, दर ऑर्डरला २० डेसिबल पर डेकेड जास्त. पण ऑर्डर वाढली की सर्किट वाढतं, फेज जास्त बिघडते, अचानक बदल आला की आउटपुट थरथरतं. फुकट काही नाही. इंजिनिअरिंग म्हणजे हेच असावं बहुतेक. कडा मिळणार नाही हे मान्य करून उतरणीसाठी जागा सोडणं.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की आपल्या लॅबमध्ये आपण जे खोडतो, तेच शिकायचं असतं. १.५९ हा आकडा कॅल्क्युलेटर देतो, त्याला लॅब कशाला पाहिजे? लॅब कशासाठी, तर १.५९ च्या जागी १.२ का आलं यासाठी. १ व्होल्टच्या जागी ०.६८ का आलं यासाठी. ‘सिम्युलेशनवर करू की’ असं आता बरेच जण म्हणतात. सिम्युलेशन चांगलंच आहे, मीही करतो. लोडिंगही ते बरोबर दाखवतं. पण तिथला कपॅसिटर तुम्ही सांगाल तेवढाच असतो. ट्रेमधला १०३ झेड त्याला माहीत नाही.

आता सर-मॅडम, तुमच्यासाठी भीत भीत तीन सूचना.

एक. प्रत्येक ग्रुपला वेगळी आर-सी द्या. काही रुपयांचा प्रश्न आहे. कट-ऑफ प्रत्येकाची वेगळी असली की सीनियरचा फोटो आपोआप निरुपयोगी.

दोन. जर्नलमध्ये काढलेलं उत्तर आणि मोजलेलं उत्तर शेजारी शेजारी लिहायला लावा आणि खाली दोन ओळी, ‘फरक का आला’. मार्कांचा मोठा हिस्सा त्या दोन ओळींना द्या, ग्राफच्या देखणेपणाला थोडा कमी. सध्या फरक आला की मार्क जातात, म्हणून आम्ही फरक पुसतो. फरकालाच मार्क मिळाले तर कोण पुसेल?

तीन. ओरलला एक रीडिंग समोर घ्यायला लावा. एकच. त्या एक्स्टर्नल सरांनी पाच मिनिटांत मला जे शिकवलं ते अख्ख्या सेमिस्टरने शिकवलं नव्हतं.

तुमची अडचण मला कळते. वीस पोरं, चार सीआरओ, दोन तास, दहा प्रयोगांची सक्ती, वर जर्नल पूर्ण नसेल तर टर्म ग्रँट होत नाही. या परिस्थितीत उतरवलेलं जर्नल तपासणं हाच व्यवहार होऊन बसतो, यात एकट्या शिक्षकाचा दोष नाही. पण मग दहापैकी सहाच प्रयोग खरे करू. चार खोट्या प्रयोगांनी कुणाचं काय भलं होतंय?

आणि ज्युनिअर मित्रांनो, तुम्हाला एकच सांगणं. कॉपी करू नका असं मी सांगणार नाही, त्या उपदेशाचं अटेन्युएशन हॉस्टेलमध्ये किती होतं ते मला माहीत आहे! पण सीआरओवर विचित्र आकडा आला तर खोडरबर काढायच्या आधी पाच मिनिटं त्या आकड्याकडे बघा. तो तुम्हाला काहीतरी सांगत असतो, दबक्या आवाजात. भिंतीपलीकडच्या गाण्यासारखं. कान लावला तर शब्दही कळतात.

– बी.ई. (ई अँड टीसी), रूम नंबर मुद्दाम दिलेला नाही. जर्नल मागायला येऊ नये!